न वाचता दिलेले दोन होकार

मी एक जुना मजकूर आहे, मित्रांनो. चार ओळींचा. तुम्ही म्हणाल, मजकुराला कसलं आलंय आत्मवृत्त? आत्मवृत्त सांगावं पडक्या विहिरीनं, फाटक्या छत्रीनं, मोडीत निघालेल्या एस.टी.नं. पण त्यांचं एक बरं असतं. छत्रीला भोक पडलं की डोकं भिजतं आणि माणसाला कळतं. मजकूर जुना झालेला कोणाला कळत नाही. त्याला गंज चढत नाही, त्याचा रंग उडत नाही. तो शेवटपर्यंत कोरा करकरीत दिसतो आणि बिनदिक्कत चुकीचं सांगत बसतो. माझा सगळा संताप इथूनच सुरू होतो.

आधी मी राहतो कुठे ते सांगतो. संगणक चालवायला एक मूळ प्रणाली लागते. लिनक्स ही त्यातलीच. ती कोणा एका मालकाची नाही. तिचे वेगवेगळे संच आहेत आणि जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून, हौसेनं ते सांभाळतात. अशाच एका संचात मी राहतो. त्यात हजारो प्रोग्राम बांधून ठेवलेले असतात. अशा एकेका बांधलेल्या प्रोग्रामला पॅकेज म्हणतात, आणि ते पॅकेज नेमकं करतं काय हे सांगणारा एक छोटा मजकूर प्रत्येकाला जोडलेला असतो. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं लिहितात ना, तसंच. डबा उघडायच्या आधी माणूस वरचं वाचतो. वर 'पिठीसाखर' लिहिलं आणि आत मीठ निघालं, तर खीर लिहिणाऱ्याची बिघडत नाही, खाणाऱ्याची बिघडते.

माझ्या प्रोग्रामचं नाव मिंका. परदेशातल्या ज्या गृहस्थानं तो बनवला, त्याच्या मांजरीचं हे नाव. आता मांजरीच्या नावावरून प्रोग्रामचं काम कोणाला कळणार, कप्पाळ? त्यामुळे सगळी भिस्त माझ्यावर.

माझा जन्म पुसदचा. तिथल्या एका वाचनालयात साधनाताई संगणकाचं काम बघतात. माहेर नेरचं, बोलणं मऊ, पण शब्दाच्या बाबतीत भलत्या चिवट. 'आपल्या पोरांना संगणकावर मराठीत एवढंसुद्धा वाचायला मिळू नये?' या एका चिडीतून त्यांनी या संचातली इंग्रजी वर्णनं मराठीत लिहायला घेतली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारणारही नव्हतं. वाचनालयाचं काम आटोपलं की त्या कोपऱ्यातल्या संगणकाशी बसायच्या.

आमच्यात एक नियम आहे. एकट्यानं लिहिलेला मजकूर बाहेर जात नाही. एकानं लिहायचं आणि आणखी दोघांनी वाचून 'हो' म्हणायचं. दोन होकार पडले की मजकूर जगभर जातो, नकार पडला की पुन्हा लिहायचा. एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसावं, म्हणून केलेला हा शहाणपणाचा नियम. ताईंच्या सोबतीला तेव्हा दोघं होते. एक रोशन, त्यांच्या ओळखीतला कॉलेजचा मुलगा. दुसरा हिरासिंग, बसस्थानकाजवळ ज्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे तो.

माझ्या जन्माच्या वेळी काय भांडले होते तिघं! समोर चहा निवत होता. 'नक्कल' लिहावं की 'प्रतिकृती', यावर रोशन अडून बसला. हिरासिंगचं तिसरंच. "नक्कल म्हटलं का पोरायले परीक्षा आठवते. झेरॉक्स लिहा ना, ताई. झेरॉक्स समद्यायले समजते," असं तो अगदी मनापासून म्हणाला. ताई हसून हसून बेजार झाल्या. शेवटी साधा 'प्रत' हा शब्द ठरला. मग प्रोग्राम चालवून पाहिला, फाइली इकडच्या तिकडे नेल्या, आणि तेव्हा कुठे मी तयार झालो. तो असा:

'हा प्रोग्राम एका फोल्डरमधल्या फाइलींची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवतो. नव्या फाइली ओळखून तेवढ्याच घेतो. आधी ठेवलेलं काहीही पुसत नाही. मोबाइल, पेन ड्राइव्ह आणि संगणक यांच्यात चालतो.'

तिसरी ओळ लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढचं सगळं रामायण त्या ओळीवर घडलं.

सुरुवातीची वर्षं माझी सुखाची गेली. उमरखेडकडच्या एका शाळेतल्या गुरुजींनी ताईंना आवर्जून कळवलं की मराठीत वाचलं तेव्हा कुठे या प्रोग्रामचा उपयोग ध्यानात आला. मी खरं सांगत होतो आणि लोकांच्या कामी येत होतो. मजकुराला आणखी काय हवं असतं?

मग ताईंचा सत्कार झाला, आणि तिथून आमचे दिवस फिरले. एका मराठी दिनाच्या कार्यक्रमात त्यांना शाल-श्रीफळ दिलं. वक्त्यांनी 'मायमराठीची निरलस सेवा' वगैरे भरपूर बोलून घेतलं. त्या सेवेतली एक ओळ तरी त्यांनी वाचली होती का, हे विचारू नका. टाळ्या मात्र कडाडून पडल्या. ताई संकोचून खुर्चीच्या कडेला बसून राहिल्या. पण रोशन आणि हिरासिंग यांच्या डोक्यात त्या दिवशी काहीतरी पक्कं बसलं. कालपर्यंत ज्या ताईंशी ते एकेका शब्दावरून हुज्जत घालत, त्या आता मोठ्या झाल्या. मोठ्या माणसाच्या लिखाणात चूक काढायची म्हणजे आगाऊपणाच की!

पुढे रोशन नोकरीला पुण्याला गेला. काम त्यानं सोडलं नाही, हे खरं. ताईंचा मजकूर आला की कुठूनही, कधीही तो मोबाइलवर 'हो' दाबायचा. हिरासिंगही दुकानातलं काम हातावेगळं न करताच 'हो' दाबायचा. ताईंना वाटायचं, किती तत्पर आहेत दोघं. मला दिसायचं ते वेगळं. ताईंनी माझ्यातला एखादा शब्द बदलून मला पाठवलं, तरी मला उघडलंही जायचं नाही. मी तसाच खाली दुमडलेला असायचो आणि माझ्या डोक्यावर 'हो' येऊन पडायचा. प्रसाद हातावर ठेवावा तसा. मी मनातल्या मनात ओरडायचो, 'अरे बाबांनो, वाचा तरी!' पण मजकुराला तोंड कुठे असतं.

अशात त्या परदेशातल्या गृहस्थानं मिंकाची नवी आवृत्ती काढली आणि तिचा स्वभावच बदलला. आधी ती फक्त प्रत ठेवायची. आता ती दोन्ही फोल्डर तंतोतंत सारखे करू लागली. म्हणजे पहिल्यात जे नाही, ते दुसऱ्यातूनही पुसून टाकायचं. त्या गृहस्थानं इंग्रजी वर्णन इमानदारीनं बदललं. बदल झाल्याची सूचना ताईंकडे आली, पण एकटी आली नाही. संचाची नवी आवृत्ती जवळ आली की अशा बदललेल्या मजकुरांचा ढीग लागतो, आणि त्या ढिगापाशी मराठीसाठी बसलेलं माणूस एकच. या गोष्टीची मला मनस्वी चीड येते. एवढी कोटी कोटी माणसं बोलतात ही भाषा, आणि ढीग उपसायला एक बाई!

ताईंनी मला उघडलं. दुसरी ओळ सुधारली. तिसऱ्या ओळीशी आल्या आणि तेवढ्यात कोणीतरी त्यांना वर्तमानपत्रांच्या टेबलाशी हाक मारली. परत येऊन बसल्या, ते थेट चौथ्या ओळीवर. तिसरी तशीच राहिली. माणूस आहे, राहू शकते. स्वतःवर फार भरवसा नको हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून पाठवताना त्यांनी दोघांना मुद्दाम लिहिलं की ढीग मोठा आहे, माझी नजर दमली आहे, नीट बघा रे.

रोशननं बसमध्ये लोंबकळत 'हो' दाबला. हिरासिंगपुढे एक प्रिंटर उघडा पडला होता. त्यानं शाईचा हात पँटला पुसला आणि 'हो' दाबला. रोशनला वाटलं, हिराभाऊ वाचतील. हिरासिंगला वाटलं, रोशन शिकलेला आहे, तो वाचेल. आणि दोघांनाही वाटलं की ताईंनी लिहिलंय म्हणजे बघायचं काय त्यात! मी नवी तारीख लावून बाहेर पडलो. जुनी तारीख असती तर एखाद्याला शंका तरी आली असती. त्या दोघांनी माझ्या खोट्यावर ताजा शिक्का मारून दिला.

आता पुष्पाची गोष्ट सांगतो. पुष्पा पुसदजवळच्या एका बंजारा तांड्यावरची. मराठी घेऊन एम.ए. करत होती आणि अभ्यासाला वाचनालयात यायची. तिची आई, तिच्या बोलीत याडी, जमनाबाई आणि मावशी सत्यभामा या दोघी म्हणजे तांड्याची गाण्यांची पेटी. होळीच्या लेंगी म्हणाव्यात तर त्यांनीच. लग्नात नवरी निघताना रडून म्हणायचा ढावलो म्हणावा तर तोही त्यांनीच. एक ढावलो तर दोघी अशा म्हणत की एक ओळ जमनाबाईची, तिला उत्तर सत्यभामेचं, पुन्हा जमनाबाईची. पुष्पानं तो मोबाइलवर घेऊन ठेवला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत सत्यभामा गेली.

गाणी एकट्या मोबाइलवर राहू नयेत, ती वाचनालयातल्या संगणकावरही असावीत, असं पुष्पाला वाटलं. ती प्रोग्राम शोधायला बसली आणि माझ्यापाशी आली. मित्रांनो, तिनं मला वाचलं. एकदा वाचलं, मग तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांत असं मन लावून मला कोणी वाचलं नव्हतं. हिरासिंग त्या दिवशी वाचनालयात काही जोडाजोड करत होता. तिनं त्याला गोरबोलीत, म्हणजे दोघांच्या बंजारा बोलीत, विचारलं की हा काही पुसत तर नाही ना. त्यानं मान वर न करताच सांगितलं की तिथं लिहिलंय ना, साधनाताईंनी लिहिलंय, बिनधास्त वापर. म्हणजे ज्यानं मला वाचलं नव्हतं, तोच माझा हवाला देत होता!

गाणी संगणकावर आली. पुष्पा निश्चिंत झाली. होळी आली तेव्हा मोबाइल भरला होता. तो सगळ्यांचाच भरतो. संगणकावर सगळं आहेच, म्हणून तिनं मोबाइलवरची जुनी गाणी काढून जागा केली आणि नव्या लेंगी घेतल्या. मग वाचनालयात येऊन मोबाइल जोडला आणि मिंका चालवली. मिंकानं पाहिलं की पहिल्या ठिकाणी, म्हणजे मोबाइलवर, जुनी गाणी नाहीत. तिनं ती दुसऱ्या ठिकाणचीही पुसली. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. प्रोग्रामनं चोख काम केलं. खोटा मी होतो, आणि फसली ती मला वाचणारी.

हे कळलं तेव्हा जमनाबाई समोर होत्या, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. बहिणीचा आवाज ऐकायला त्या तांड्यावरून काळीपिवळी जीपनं आल्या होत्या. खुर्चीवर पदर सावरून बसल्या. पुष्पानं फोल्डर उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. तिचा चेहरा उतरत गेला. ताई धावत आल्या. हिरासिंगला बोलावणं गेलं. त्यानं मोबाइल घेतला, संगणक घेतला, होती नव्हती ती सगळी विद्या पणाला लावली. पण पुसलेल्या गाण्यांच्या जागी नव्या लेंगी येऊन बसल्या होत्या. पुष्पानं एका मैत्रिणीला कधीतरी पाठवलेली दोन-चार गाणी तेवढी तिच्याकडून परत मिळाली. ढावलो त्यात नव्हता.

"म्हंजे सत्यभामा आता बोलत नाही?" जमनाबाईंनी विचारलं.

जमनाबाई उठल्या आणि काळीपिवळी सुटेल म्हणून निघाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर ताई माझ्यासमोर येऊन बसल्या. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि तिसरीवर त्यांची नजर थांबली. त्यांचा हात तोंडावर गेला. आपली चूक त्यांना लगेच दिसली आणि त्यांनी ती कोणावर ढकलली नाही. पण पुढच्याच क्षणी त्यांना मजकुरावरचे दोन होकार दिसले. तेव्हा मात्र त्यांचा संयम सुटला. त्यांनी रोशनला फोन लावला. तिकडून रोशन चाचरत म्हणाला, "ताई, तुम्ही लिहेल होतं. तुमच्या लिहिण्यात मी काय पाहू?"

"मले मान नोको होता, रोशन," ताई म्हणाल्या. "मले तुहे डोये पायजे होते."

हिरासिंग शेजारीच उभा होता. खाली मान घालून तो वायरीचं वेटोळं करत राहिला.

ताईंनी मला तिथल्या तिथे सुधारलं. तिसरी ओळ बदलून त्यांनी लिहिलं की हा प्रोग्राम दोन्ही फोल्डर सारखे करतो. पण आता पुन्हा दोन होकार हवे होते, आणि त्या दोघांचे होकार मागायची ताईंची इच्छा उरली नव्हती. काही दिवसांनी पुष्पा पुस्तकं परत करायला आली, तेव्हा ताईंनी तिला विचारलं की तू वाचशील का, तपासणाऱ्यांत नाव घालशील का. पुष्पाचा राग अजून शमला नव्हता.

"काहून वाचू?" ती म्हणाली. "माह्या याडीचं गेलं ते तुमच्या मजकुरातून वापस येऊन राह्यलं का?"

ताईंनी तिची पुस्तकं जमा करून घेतली. मी तसाच लटकत राहिलो. सुधारलेला मी आत अडकलेला आणि खोटा मी बाहेर मोकाट. जगात कुठे कुठे कोणी मराठी माणूस मला वाचून आपल्या फाइली घालवत असेल, या विचारानं माझा जीव नुसता तळमळायचा. खोटं बोलायला दोन होकार लागलीच मिळाले होते. खरं बोलायला एक मिळेना.

शेवटी पुष्पाच आली. का आली, ते तिनं सांगितलं नाही. चिडलेल्या चेहऱ्यानं खुर्ची ओढून बसली आणि मला उघडायला सांगितलं. हिरासिंगला ताईंनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं, तो मागे उभा राहिला. पुष्पानं मला वाचलं. शेजारी इंग्रजी वाचलं. मग पुन्हा मला वाचलं. ताईंनी 'हो'चं बटण दाखवायला हात पुढे केला, तर तिनं तो हळूच बाजूला सारला.

"हे नाही चालत, ताई," ती म्हणाली. "सारखे करते म्हटलं का वाचाले बरं वाटते. माणूस घाबरला पायजे. पहिल्याच ओळीत घाबरला पायजे."

हिरासिंग मागून चुळबुळला. ताईंच्या मजकुराला समोरासमोर नाही म्हणायचं, हे त्याच्या पचनी पडेना. मीही श्वास रोखून होतो, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता. ताई पुष्पाकडे पाहत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि तरी कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू होतं.

"लाव नकार," त्या म्हणाल्या. "सत्कारापासून माह्या लिहिण्यावर एक नकार नाही. त्यानंच तर घात केला."

पुष्पानं नकार दाबला. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, होकार पडले तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद मला त्या नकारानं झाला. कोणीतरी मला आरपार वाचलं होतं. मग तिघं बसली. हिरासिंगनं आधी भीत भीत आणि मग अगदी जुन्यासारखी हुज्जत घातली. रोशनही पुण्याहून फोनवर आला आणि ताईंचा एक शब्द त्यानं सरळ खोडला. खोडून झाल्यावर तो घाबरला, ते वेगळं. मला आणखी एकदा नकार मिळाला, आणि त्यानंतर मी जो झालो तो आजपर्यंत आहे. माझी पहिली ओळ आता अशी आहे: 'सावधान. पहिल्या फोल्डरमध्ये नसलेल्या फाइली हा प्रोग्राम दुसऱ्यातून कायमच्या पुसतो, त्या परत मिळत नाहीत.' मला पाहून आता निम्मे लोक घाबरून मागे फिरतात. फिरू देत.

ढावलो काही परत आला नाही. एका दुपारी पुष्पा आईला पुन्हा वाचनालयात घेऊन आली आणि तोच ढावलो म्हणायला लावला. जमनाबाईंनी आपली ओळ म्हटली आणि त्या थांबल्या. सत्यभामेच्या ओळीला लागला असता तेवढा वेळ गप्प बसल्या. मग पुढची आपली ओळ. मग पुन्हा गप्प. शेवटपर्यंत तसंच. म्हणून झाल्यावर हिरासिंगनं हळूच विचारलं की मधल्या रिकाम्या जागा काढून टाकू का, गाणं सलग होईल.

"काटू नोको," जमनाबाई म्हणाल्या. "तिथं सत्यभामा म्हणते."

ते गाणं आता त्या संगणकावर आहे, दुसरीकडेही एक प्रत आहे, आणि ती ठेवायला मिंका वापरलेली नाही.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कोणी आपलं लिहिलेलं तुमच्यापुढे ठेवून 'बघ रे जरा' म्हणालं, तर बघा. माणूस मोठं आहे, आपल्या मायेचं आहे, हे बाजूला ठेवून बघा. वेळ नसेल तर नाही म्हणा, आम्हाला राग येत नाही. पण न वाचता 'हो' म्हणू नका. त्या गाण्यातल्या रिकाम्या जागा तसल्याच दोन 'हो'नी पाडल्या आहेत, आणि त्या ज्या ज्या वेळी वाजतात, त्या त्या वेळी मला ऐकू येतात.